पहिला उतरलेला मालम

रत्नागिरीच्या राजिवड्यात जाऊन रमजान सोलकरांचं घर कुठलं असं विचारलंत, तर समोरचा डोकं खाजवील. ‘पयल्याचं घर’ विचारा, लगेच सांगतील: मशिदीवरून खाडीकडे उतरा, निळ्या फाटकाचं. पोस्टमन तेच म्हणतो, गॅसवाला तेच म्हणतो, आणि त्यात कुणाच्या मनात वाईट असतं असंही नाही. गावाच्या तोंडात एकदा एखादं नाव बसलं की ते निघता निघत नाही.

हे ‘पयला’ कुठून आलं ते सगळ्या बंदराला ठाऊक आहे. पंचावन्न वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, मुंबईहून चाकरमान्यांना घेऊन येणारी ‘हंसगामिनी’ नावाची आगबोट वादळात सापडली, जयगडच्या अलीकडे खडकावर चढली आणि अंधार पडायच्या आत बुडाली. कप्तान बोटीबरोबर गेला. आणि बोटीचा तिसरा अधिकारी, आमच्याकडच्या भाषेत मालम, चोवीस वर्षांचा रमजान सोलकर, बोटीवरून सगळ्यांत पहिला उतरला. उतारू कठड्याला धरून आक्रोश करतायत आणि पांढऱ्या शर्टातला अधिकारी कठडा ओलांडून खालच्या होडीत उडी टाकतोय, हे वरच्या सगळ्यांनी पाहिलं. एवढ्या डोळ्यांपुढे कोण काय बोलणार?

इफ्फतचं मात्र रक्त उसळायचं. इफ्फत ही रमजानच्या मुलीची, शमीमची, मुलगी. बाप कतारला, त्यामुळे पोर आईच्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्याच घरात वाढली, आणि नानांच्या गोष्टी ऐकून ऐकून शेवटी बोटीवर जायचंच म्हणून हटून बसली. परीक्षा दिल्या, वैद्यकीय तपासण्या झाल्या, आणि येत्या महिन्यात ती एका मालवाहू जहाजावर शिकाऊ अधिकारी म्हणून चढणार होती. राजिवड्यातली पहिलीच मुलगी. घरात पेढे वाटले, आणि पेढा तोंडात असतानाच तिचा चुलतभाऊ फहाद बोलला, “बोट बुडायला लागली की घाबरू नको गो. तुमच्या घरात पयलं उतरायची पद्धतच हाय.”

सगळे हसले. नानाही हसले! इफ्फतने हातातला पेढा ताटात ठेवला. तिने त्याच क्षणी मनाशी ठरवलं, की जहाजाच्या शिडीवर पाय ठेवायच्या आधी हे नाव पुसून टाकायचं. नानांवर लागलेला बट्टा घेऊन ती समुद्रावर जाणार नव्हती.

आता नाना काही मान खाली घालून जगलेला माणूस नव्हे. बोट बुडाल्याच्या चौकशीनंतर कंपनीने त्यांना पुन्हा बोलावलं नाही, तर हा गडी कुवेतला गेला आणि तिथल्या बंदरात टगबोट चालवू लागला. हत्तीएवढी जहाजं कान धरल्यासारखी धक्क्याला आणून लावायची, असं त्या कामाचं वर्णन ते स्वतःच करत. चाळिशी उलटून गेल्यावर परत आले, तेव्हा गाठीशी बऱ्यापैकी पैसा होता आणि आवाज जहाजाच्या भोंग्याला मागे टाकील असा झाला होता. आज एकोणऐंशीव्या वर्षीही ते सकाळी मिरकरवाड्याला जाऊन सुरमईच्या कल्ल्यांत बोट घालून बघतात आणि कोळणींशी मनसोक्त भांडतात. उजव्या खांद्याजवळ त्यांच्या हाडाला एक टेंगूळ आहे. लहानपणी इफ्फत ते दाबून बघायची आणि विचारायची, “हे काय हो नाना?” तर ते म्हणायचे, “आंब्यावरून पडलो.”

आणि एक बढाई तर त्यांनी घरातल्या प्रत्येकाला शंभरदा ऐकवली असेल: “माझी लाट कधी चुकली नाय.”

या बढाईमागे काय आहे ते आजच्या पोरांना सांगावंच लागतं. तेव्हा आगबोट रत्नागिरीच्या धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात लांब उभी राही. उतारूंना आणायला पडाव जात, म्हणजे मोठ्या वल्ह्यांच्या होड्या. रमजानचा बाप अशाच एका पडावाचा तांडेल, म्हणजे वल्हेकऱ्यांचा म्होरक्या. बोटीच्या दारात एक खलाशी उभा राहून उतारूचा दंड धरी. खाली हलत्या पडावात दुसरा माणूस पाय फाकून, हात वर करून उभा राही. लाट पडावाला उचलून वर आणते आणि पडायच्या आधी जराशी थबकते. त्या घटकेला खालचा ओरडे, “येऊंदे!” आणि वरचा सोडून देई. गरोदर बाया, म्हातारेकोतारे, कोंबड्या, ट्रंका, सगळं असंच झेललं जाई. लाट ओळखायला चुकलात तर माणूस बोट आणि पडाव यांच्या मधे. रमजान मिसरूड फुटायच्या आधीपासून खाली उभा राहून झेलत होता. पुढे शिकून तो मालम झाला, वरच्या बाजूला गेला, पांढरा शर्ट घालू लागला, पण त्याचा खरा अभिमान त्या शर्टाचा नव्हता, लाटेचा होता.

त्याच सुमारास शहरातल्या एका समितीने भगवती बंदराजवळ ‘हंसगामिनी’च्या मृतांसाठी स्मारकशिळा बसवायचं ठरवलं. समितीचे अनिल मयेकर निमंत्रण घेऊन निळ्या फाटकापाशी आले आणि तिथेच घुटमळले. “तुम्ही आलात तर आनंदच आहे, पण प्रकृतीला झेपत नसेल तर...” असं काहीसं बोलू लागले.

“येणार तर!” नाना म्हणाले. “पयल्या रांगेत खुर्ची ठेवा. पयला हाय मी.”

मयेकरांना हसावं की नाही ते कळेना. इफ्फतला मात्र वाट सापडली. सगळा तालुका जमेल, त्याच जागी कुणीतरी उभं राहून खरं सांगायला हवं. पण सांगणार कोण? तिला काशीराम आठवले. आरे-वारेला राहणारे काशीराम पाटील हे त्या बोटीवरचे खलाशी. दर गणपतीत त्यांच्याकडून मोदक यायचे आणि दर ईदला इकडून सांदणं जायची, हा शिरस्ता इफ्फतच्या जन्माआधीपासूनचा. ती स्कूटर काढून थेट त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

काशीराम सुरूच्या सावलीत जाळं विणत बसले होते. तिने स्मारकाच्या कार्यक्रमाचं सांगितलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, “काका, नाना पहिले उतरले हे खरं?”

“खरं,” काशीराम म्हणाले. “मीच तर बाजूला उभा व्हतो.”

इफ्फतचा चेहरा पडला. म्हाताऱ्याने जाळं बाजूला ठेवलं.

“कशाला उतरला ते नाय कोण विचारत! अगो, एका बाजूच्या होड्या फुटून गेलेल्या. एक होडी कशीबशी खाली सोडली, रिकामी. कप्तान ओरडतोय, उड्या टाका. टाकतंय कोण? आपली मान्सं ती. जन्मभर पडावात उतरलेली. खाली कुणी हात वर करून उभा असल्याशिवाय आपल्या मान्साचा पाय सुटत नाय. तुझ्या आज्याला ते ठाऊक. कप्तान बिचारा लांबचा, त्याला काय कळणार! रमजान मला बोलला, काश्या, तू वर रव्हा, मी खाली जातंय. आणि गेला. खाली पोचल्याबरोबर आंगातला शर्ट काढून फेकला, बटणं लागतील मान्सांना म्हणून. मग काय! तो ‘येऊंदे’ बोलतोय आणि मी सोडतोय. होडी भरली की किनाऱ्याकडनं आलेल्या मच्छीमारांच्या होडीत मान्सं ढकलायची, परत रिकामी होडी पुढं घ्यायची. बोट आडवी होईस्तवर.”

“मग लोकांनी कसं सांगितलं नाही? ज्यांना झेललं त्यांनी?”

“त्यांना वाटलं, कोणतरी उघडा खलाशी हाय. अधिकारी तर पांढऱ्या शर्टातला, तो मघाच पळालेला!” काशीराम कडवट हसले. “मी बोलणार व्हतो. रमजानने हातात हात घेऊन वचन घेतलंन माझ्याकडनं. कशाला ते त्यालाच विचार. पण मी आता पिकलं पान. हे पोटात ठेवून वर जायाचा नाय मी. कधी हाय तुझा कार्यक्रम? येतो.”

इफ्फत आरे-वारेच्या चढावर स्कूटरवरच मोठमोठ्याने गात आली. इतका आनंद तिला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. घरात शिरली आणि एका दमात तिने सगळं सांगून टाकलं: काशीराम येणार, माईकवर बोलणार, आता बघूया फहादचं तोंड!

नाना पडवीत बसले होते. ते हसले नाहीत. “त्याला आणायचं नाय,” एवढंच म्हणाले, आणि तो भोंग्यासारखा आवाज इतका खाली गेला की इफ्फत घाबरली.

“का पण? तुम्ही एवढं मोठं काम केलंत...”

“इफ्फत, बस हितं.”

ती बसली. नानांनी डाव्या हाताने आपल्या खांद्याजवळचं ते टेंगूळ चाचपलं.

“संगमेश्वराकडचा एक गिरणीकामगार व्हता, गंगाराम. बायको सखू आणि नऊ वर्षांची पोर. गावी सासूसाठी नवाकोरा पितळेचा स्टोव्ह घेतलेला. तो पोरीच्या हातात. वरनं काशीराम बोलतोय, टाक तो स्टोव्ह. आई बोलली, नको, नवा हाय. बाय, घट्ट धर, सोडू नको. लेकराने आईचं ऐकलंन. मी ‘येऊंदे’ बोललो, ती आली. पोर झेलली मी. स्टोव्ह हितं बसला.” त्यांनी टेंगळावर बोट टेकवलं. “आंबा-बिंबा काय नाय. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, पण कळलं नाय. अंगात तेव्हा काय कळतं? पुढच्या लाटेला तिची आई. लाट बरोबर व्हती. माझी लाट कधी चुकली नाय. मी ‘येऊंदे’ बोललो, हात वर केले, तर एकच वर आला.”

घरातून शमीमच्या भांड्यांचा आवाज येत होता.

“तिच्या लुगड्याला हात लागला माझा. एवढंच. मग एका उतारू पोऱ्याला बाजूला उभा करून डाव्या हाताने झेलली बाकीची. चौकशीला गंगाराम आला तो पोरीला घेऊन. तिच्या मांडीवर तोच स्टोव्ह. सोडीतच नव्हती ती, आई बोललेली ना. मला विचारलं, बोटीवरून पयला कोण उतरला? मी बोललो, मी. आता मी झेलत व्हतो असं बोललो असतो, तर वकील पुढं काय विचारणार? मग हिची आई कशी निसटली? मी शपथ घेतलेली. खोटं बोलायचं नाय. आणि खरं बोलायचं तर त्या लेकराच्या तोंडावर बोलायचं, की बाय, तुझ्या हातातल्या स्टोव्हने तुझी आई नेली. म्हणून पयल्याच प्रश्नाला दार लावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

इफ्फतला रडू फुटलं. इतकी वर्षं हा माणूस फहादसारख्यांच्या विनोदाला हसत आला होता, आणि आपण त्याला मोठेपणा द्यायला निघालो होतो! तिने डोळे पुसून काशीरामांच्या घरी फोन लावला. सून दर्शना म्हणाली, “सांगते मी त्यांना. पण ते ऐकतात होय कुणाचं? धोतर-टोपी आत्ताच धुवायला काढलीय.”

कार्यक्रमाच्या दिवशी बंदरावर मांडव, खुर्च्या, पालकमंत्र्यांची वाट पाहण्यात गेलेला एक तास आणि शेवटी त्यांच्याशिवायच सुरू झालेली भाषणं, असं सगळं यथासांग झालं. नाना पांढरी टोपी घालून खरोखरच पहिल्या रांगेत बसले होते. मागे कुजबुज चालली होती, आणि त्यांना ती ऐकू येत होती, आणि त्यांनी पायावर पाय टाकला होता.

मग मयेकरांनी एक नाव पुकारलं. साठी ओलांडलेल्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या एक बाई उठल्या. विमला, गंगारामांची मुलगी. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीतून त्यांनी काढला तो पितळेचा स्टोव्ह, घासून लख्ख केलेला, एक पाय आत वाकलेला.

“आईची ही एवढीच वस्तू राहिली,” त्या म्हणाल्या. “माझे बाबा चार वर्षांपूर्वी गेले. हा इथे शिळेपाशी ठेवावा असं वाटलं.”

इफ्फतने नानांकडे पाहिलं. ते त्या वाकलेल्या पायाकडे बघत होते. तेवढ्यात मांडवाच्या दाराशी रिक्षा थांबली आणि धुवट टोपीतले काशीराम काठी टेकत सरळ व्यासपीठावर चढले. त्यांना अडवायला इफ्फत धावली, पण माणसांतून वाट काढीपर्यंत माईक त्यांच्या हातात होता.

“मी त्या बोटीवरचा खलाशी,” ते गरजले. “रमजान मालम पळाला नाय! तो खाली उभा राहून झेलत व्हता! वरून मान्सं सोडणारा मी! शंभरावर मान्सं झेललीन त्याने, आणि तुम्ही त्याला पयला बोलता!”

मांडव टाळ्यांनी दणाणला. फहाद मागे उभा होता, तोही आ वासून टाळ्या वाजवत होता. ज्यासाठी इफ्फत धडपडली ते घडलं होतं, आणि तिला आता ते थांबवायचं होतं.

टाळ्या ओसरल्या तेव्हा विमलाताई स्टोव्ह पोटाशी धरून अजून उभ्याच होत्या. “काका,” त्यांनी काशीरामांना विचारलं, “म्हणजे मला ज्यांनी झेललं ते हेच? मग माझी आई? ती तर माझ्या मागोमागच होती.”

काशीरामांची नजर स्टोव्हवर गेली. ही बाई कोण ते त्यांना तेव्हा उमगलं. “अगो,” ते चाचरले, “तो स्टो...”

“लाट चुकली माझी.”

नाना उभे राहिले होते. माईक नसतानाही मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत ऐकू गेलं.

“तू आलीस ती बरोबर आलीस, बाय. तुझ्या आईच्या वेळेला लाट ओळखायला चुकलो मी. लवकर ‘येऊंदे’ बोललो. मिरकरवाडा काय, राजिवडा काय, सगळ्यांना सांगत आलो माझी लाट कधी चुकली नाय म्हणून. चुकली. एकदा चुकली.”

मागच्या रांगेत पडाववाल्यांच्या घरातले म्हातारे बसले होते. त्यांच्यापुढे हे बोलणं म्हणजे काय, ते इफ्फतला कळत होतं. भित्रा म्हणवून घेताना नानांनी कधी पापणी हलवली नव्हती, आणि आता त्यांना मागे वळून बघवत नव्हतं. काशीरामांनी माईक खाली ठेवला आणि ते दुसरीकडे बघू लागले.

विमलाताई सावकाश नानांपाशी आल्या. “लाटेपुढे कोणाचं चालतं?” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, आईला धरायला खाली कुणी नव्हतंच. तेच फार लागायचं हो. कुणीतरी हात केला होता ना तिला?”

“केला व्हता. लुगड्याला लागला.”

“बाबांनी तुम्हाला फार शिव्या दिल्या.”

“दिल्या. दमदार देत असे,” नाना म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी असतानाच दोघंही हसली. मग विमलाताईंनी स्टोव्ह पुढे केला. शिळेपाशी तुम्हीच ठेवा, म्हणाल्या. नानांनी हात पुढे केले, पण त्याआधी इफ्फत मधे झाली आणि तिने तो आपल्या हातात घेतला. चांगलाच जड होता. शिळेपाशी तिने तो वाकलेला पाय दगडाच्या बाजूला येईल असा ठेवला.

घरी येईपर्यंत बातमी पोचली होती. फाटकाशी शेजारपाजार जमला होता, आणि एरवी ‘पयला’ म्हणणारे आज ‘मालमसाहेब’ म्हणत होते. एक जुना पडाववाला मात्र समजूत घातल्यासारखा बोलला, “होतं रमजान, एखादी लाट चुकते.” नानांनी मान हलवली, आत येऊन टोपी खुंटीला लावली आणि ते खुर्चीत बसले.

“इफ्फत.”

“काय नाना?”

“काशीरामला फोन कर. त्याच्या पोटात काय रव्हत नाय. सांग, आता गप्प रव्हायचं.”

“करते.”

“आणि तू बोटीवर जातंस. पयला उतरला म्हण, पळाला म्हण, कोण काय बोलेल ते बोलूंदे.” त्यांनी तिचं मनगट धरलं. उजव्या हाताची पकड अजूनही जरा ढिलीच होती. “पण एक तुझ्यापाशी ठेव. लाट बरोबर व्हती माझी.”

“माहीत आहे मला, नाना,” इफ्फत म्हणाली.